मोटार जळते, पण दोष मोटारीचा नसतो



आपल्या या पानावर एरवी बियाणे, खते, कीड आणि पाणी यांच्या गोष्टी असतात. या खेपेला मात्र मी तुम्हाला एका गोठ्याच्या पडवीत नेणार आहे. तिथे दावणीशेजारी एक जुना लेथ आहे आणि त्याची मोटार वर्षभरात दोनदा जळाली. कृषी अधिकाऱ्याचा आणि लेथचा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. संबंध असा की, ज्या चुकीने ती मोटार जळाली, ती चूक आपण सगळे विहिरीवर करायला शिकलो आणि तिथून ती घरात आणली.

गेल्या उन्हाळ्यात माती परीक्षणाचे नमुने घेण्यासाठी एका वाडीवर गेलो होतो. आबांची जमीन साडेतीन एकर, त्यातली निम्मी मुरमाड. धाकटा मुलगा आयटीआयमधून टर्नरचे शिक्षण घेऊन आलेला. शहरात दोन वर्षे कंत्राटी कामावर काढली, मग गावी परतला आणि बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून सहा फुटी जुना लेथ विकत घेतला. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. पंपाच्या शाफ्टला बुश करून देणे, ट्रॉलीच्या पिना, नांगराचे बोल्ट अशी पंचक्रोशीतली कामे येऊ लागली. पाऊस दगा देतो त्या वर्षी या घराची चूल लेथवरच पेटते.

नमुने पिशवीत भरून चहाला बसलो, तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, तुम्ही पिकाचा रोग ओळखता. या मोटारीला काय रोग झालाय तेवढं सांगा की. दोनदा भरून आणली. तिसऱ्यांदा जळाली तर लेथ विकावा लागंल."

मी म्हणालो, "आबा, मी शेतकीचा पदवीधर. विजेचं माझं ज्ञान विहिरीच्या काठावरचं. पण बघू तरी."

लाईट गेलेली होती. मुलगा चकमध्ये एक शाफ्ट आवळत होता. सांगता सांगता तो कोनाड्यातले कॅलिपर आणायला वळला. चकची चावी चकमध्येच राहिली. तेवढ्यात लाईट आली. कोणी बटणाला हात लावला नव्हता, तरी लेथ एकदम फिरू लागला. चावी सुटली आणि आबांच्या डोक्यावरून जाऊन पाठीमागच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला वाटीएवढा खळगा पडला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना.

मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी म्हणालो, "अरे, लाल बटण जवळ होतं, ते का नाही दाबलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, लाल बटणानं तो बंद होत नाही."

मग मी स्टार्टरकडे नीट पाहिले. हिरव्या बटणावर बाभळीची एक छोटी खुंटी ठेवून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधली होती. बंधूंनो, ही खुंटी तुमच्या ओळखीची आहे. रात्री-अपरात्री लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून विहिरीवरच्या कितीतरी स्टार्टरला ती बांधलेली मी पाहिली आहे.

ही खुंटी काय करते हे कळण्यासाठी आधी स्टार्टर कसा चालतो ते समजून घेऊ. हिरवे बटण दाबले की आतल्या कॉइलला वीज मिळते, तिचे चुंबक होते आणि ते पट्टी ओढून धरते. त्या पट्टीवरचे तीन कॉन्टॅक्ट तीन फेज जोडतात. त्यांच्या जोडीला आणखी एक लहान कॉन्टॅक्ट असतो. आपण बोट उचलले तरी कॉइलची वीज चालू ठेवणे, हे त्याचे काम. लाईट गेली की चुंबक पट्टी सोडते, आणि लाईट परत आली तरी माणसाने बटण दाबेपर्यंत मोटार बंदच राहते. मोटार जास्त करंट ओढू लागली की ओव्हरलोड रिले तापतो आणि कॉइलची वीज तोडतो. लाल बटणही कॉइलचीच वीज तोडते. म्हणजे तीनही राखणदारांचा हुकूम एकाच दारातून चालतो. आपल्याकडच्या साध्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण पट्टीला सरळ आत ढकलते. तिथे खुंटी बांधली की चुंबकाने सोडले काय अन् धरले काय, कॉन्टॅक्ट जुळलेलेच राहतात. तिन्ही राखणदार जागच्या जागी बसतात.

"खुंटी का बांधलीस?" असे विचारले तर म्हणाला, "बोट काढलं की स्टार्टर सुटायचा, साहेब. धरतच नव्हता."

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमनला बरोबर घेऊन आम्ही सगळे उघडले. स्टार्टर भिंतीवर, चकच्या बरोबर पाठीमागे लावलेला होता. कापताना उडणारे तेल आणि लोखंडाचा बारीक कीस त्यात वर्षभर साचत होता. तो लहान कॉन्टॅक्ट चिकट घाणीने माखला होता. तो साफ करायला दहा मिनिटे लागली. या दहा मिनिटांच्या कामाऐवजी खुंटी बांधली गेली आणि पुढचे सारे रामायण घडले.

ते असे. खुंटीमुळे लाल बटण निकामी झाले, म्हणून मुलगा रोज वीस-वीस वेळा मेन स्विच पाडून लेथ बंद करू लागला. चालू मोटारीचा भार असा वारंवार तोडण्यासाठी जुना मेन स्विच केलेला नसतो. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडत गेली. एका फेजचा जबडा जळून काळा पडला, सैल झाला आणि कधी वीज देई, कधी न देई. तीन फेजच्या मोटारीला दोनच फेज मिळाले की बंद असलेली मोटार सुरू होत नाही; नुसती गुरगुरते आणि चार-पाच पट करंट ओढते. चालू असताना एक फेज गेला तर ती फिरत राहते, पण उरलेल्या फेजांवर सगळा भार येतो आणि ती तापत जाते. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने मोटार सोडवायची असते. रिलेने आपले काम केलेही असेल, पण खुंटीपुढे त्याचे चालले नाही. मोटार जळाली. भरून आणली, बसवली, पुन्हा जळाली. भरणाऱ्याने आपले काम केले. मोटार का जळाली हे विचारायला कोणी त्याच्याकडे गेले नाही.

मी मुलाला विचारले, "जळालेल्या तारा बघितल्या होत्यास का?" म्हणाला, "होय. काही गुंडाळ्या कोळशासारख्या काळ्या, अन् मधली मधली एकेक कोरी, पिवळी." हीच ती खूण! मोटार नुसत्या जादा भाराने जळाली तर सगळ्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या पडतात. फेज गेल्याने जळाली तर पट्टे दिसतात. स्टार जोडणीच्या मोटारीत तीनपैकी दोन फेजच्या गुंडाळ्या जळतात आणि एकीच्या कोऱ्या राहतात. डेल्टा जोडणीत एकीच्या जळतात आणि दोघींच्या वाचतात. म्हणून मोटार भरायला द्याल तेव्हा जुन्या तारा काढण्याआधी आत डोकावून बघा. पानावरचा डाग पाहून आपण करपा की तांबेरा ते सांगतो, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट सापडली. स्टार्टर विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या पंपाचा, जुना म्हणून काढलेला. लेथची मोटार २ अश्वशक्तीची. ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराला सुमारे साडेसात अँपिअर घेते, २ अश्वशक्तीची सुमारे साडेतीन. त्या स्टार्टरमधला रिले खाली साडेतीनपर्यंत येतच नव्हता. खुंटी काढली असती तरी राखणदार उशिराच जागा झाला असता. रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला जुळणारा हवा आणि त्याच आकड्यावर लावायला हवा. वारंवार पडतो म्हणून त्याचा काटा वाढवणे म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

आता तुमच्या घरी, मुलाच्या वर्कशॉपमध्ये किंवा शेजारी असा जुना लेथ असेल आणि तो हट्ट करू लागला, तर तपासणी कोणत्या क्रमाने करावी ते सांगतो. क्रम महत्त्वाचा. आपण सुरुवातच मोटार खोलण्यापासून करतो. खरे म्हणजे मोटारीची पाळी सर्वांत शेवटी यावी.

पहिली गोष्ट, गुरगुर ऐकू आली की ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा बटण दाबून "बघू, आता फिरते का" असे करू नका. मोटार जळण्यासाठी तेवढी मिनिटे पुरतात. मेन स्विच पाडा, फ्यूजचे किटकॅट काढून आपल्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी नकळत चालू करणार नाही.

दुसरी, वीज बंद असताना चक हाताने फिरवून पाहा. जड लागला किंवा अडकला तर दोष विजेचा नाही. जुन्या लेथमध्ये बॅक गिअर गुंतवलेला असताना मोठ्या गिअरची पिनही आतच राहिली, तर स्पिंडल कुलूप लावल्यासारखा बसतो. नवशिक्याकडून हे हमखास होते. मग पट्टा काढून मोटारीची पुली हाताने फिरवा. ती मोकळी फिरते आणि स्पिंडल फिरत नाही, तर बेअरिंग व तेलपाणी बघा. दोन्ही मोकळे असतील तर विजेकडे वळा.

तिसरी, तिन्ही फेज येतात का ते पाहा. इथे आपला साधा टेस्टर फसवतो. दोन फेजवर मोटार जोडलेली असली की तिसऱ्या मेलेल्या तारेतही मोटारीच्या गुंडाळीतून उलटी वीज येते आणि टेस्टर पेटतो. आपण समजतो, फेज आहे. म्हणून मापन मल्टिमीटरने, मोटार बंद ठेवून, स्टार्टरच्या आधीच्या बाजूला, दोन-दोन फेजांच्या मध्ये करावे. तीन जोड्या होतात. तिन्ही ठिकाणी ४१५ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांशी मिळताजुळता आकडा हवा. एक जोडी ठीक आणि दोन जोड्या कमी असतील, तर त्या दोन जोड्यांत जो फेज समान आहे तोच गेलेला. हे काम चालू विजेवरचे आहे. ते वायरमनकडूनच करून घ्यावे. आधी मेन स्विचच्या वरच्या बाजूला मोजावे, मग खालच्या. वरच फेज नसेल तर डीपीवरचा फ्यूज किंवा खांबावरचा जंपर गेलेला. तो वीज कंपनीच्या माणसानेच घालायचा. डीपीला आपण हात लावायचा नाही. वर आहे आणि खाली नाही, तर फ्यूज किंवा स्विचचा जबडा. काळा डाग, जळका वास, रंग गेलेले पितळ ही त्याची लक्षणे. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालणे हा उपाय नव्हे.

चौथी, स्टार्टरची भाषा ऐका. बटण दाबूनही काहीच आवाज नाही, तर कॉइल, लाल बटण किंवा पडलेला ओव्हरलोड बघा. कॉइल बहुधा दोन फेजांवर चालते. त्या दोनपैकी एक गेला तर स्टार्टर उचलतच नाही. तिसरा गेला तर स्टार्टर उचलतो आणि मोटार गुरगुरते. त्यामुळे "स्टार्टर लागला, म्हणजे लाईट बरोबर आहे" हा समज सोडून द्या. बोट काढताच सुटतो, तर तो लहान कॉन्टॅक्ट. कटकट, थरथर आवाज येतो, तर चुंबकाच्या तोंडावर कीस बसला आहे किंवा व्होल्टेज कमी आहे.

पाचवी, सुलट-उलट फिरवण्याचा दांडा. लेथ सुलट चांगला फिरतो आणि उलट लावला की गुरगुरतो, तर दोष त्या दांड्याच्या स्विचमधलाच. मोटारीला बोल लावू नये.

सहावी, वायर. लेथच्या तेलाने रबराचे वेष्टण नरम पडते, गोठ्यात उंदीर असतात आणि यंत्राच्या थरथरीने मोटारीच्या पेटीतले नट सैल होतात. एक सैल नट म्हणजे एक गेलेला फेज.

एवढे सगळे निर्दोष निघाले तरच मोटार तपासावी. वीज तोडून, पेटीतल्या तारा सोडवून तीन टोकांमधला रोध दोन-दोन करून मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. मग ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी आणि बॉडी यांच्यामध्ये पाहावे. निदान १ मेगओहम हवा. पावसाळ्यात कमी आला तर घाबरून लगेच भरायला देऊ नका. झाकणे काढून मोटार कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा मोजा. पुष्कळदा ओल हाच रोग असतो.

घरात एकाच फेजची वीज असेल तर त्यावर तीन फेजची मोटार कपॅसिटरच्या जुगाडाने चालवण्याचा मोह होतो. पंपावर ते आपण खूप केले आहे. पण त्यात मोटारीची ताकद घटते आणि ती तापते. त्यापेक्षा एक फेजची मोटार बसवावी किंवा व्हीएफडी नावाचे साधन घ्यावे. २ अश्वशक्तीला घेतल्या जाणाऱ्या अशा साधनातून साधारण २३० व्होल्टचेच तीन फेज मिळतात. ४१५ व्होल्ट स्टारची मोटार, तिची सहाही टोके बाहेर असतील तर, डेल्टात बदलून त्यावर चालते. ही बदली जाणकाराने करावी. एक फेजची मोटार नुसती गुरगुरत असेल आणि ढकलल्यावर फिरत असेल तर तिचा सुरुवातीचा कपॅसिटर किंवा आतला स्विच गेलेला असतो. लेथला हाताने ढकलून सुरू करू नका. हात आत ओढला जातो. आणि विहिरीच्या कनेक्शनवर लेथ चालवू नका. ज्या कामासाठी वीज घेतली त्याऐवजी दुसऱ्या कामाला वापरली, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लोखंडी यंत्र आणि शेतकरी हे नाते जुने आहे. किर्लोस्करवाडीची वसाहत १९१० साली उभी राहिली ती लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवतीच. यंत्राला आपण बिचकत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पंप आणि लेथ यांत एक मोठा फरक आहे. पंप विहिरीत एकटा असतो. तो आपोआप सुरू झाला तर बहुधा पाणी वाया जाते, फार तर मोटार जळते. लेथसमोर माणूस उभा असतो, त्याचा हात चकमध्ये असतो. विहिरीवर जी सोय वाटते, ती इथे जिवावर बेतते. डीपीवर काम झाले आणि दोन फेज अदलाबदल झाले की पंप उलटा फिरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसाच लेथही उलटा फिरतो. जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असतो, तो उलट्या फिरण्याने सुटून अंगावर येऊ शकतो. म्हणून लाईनीचे काम झाल्यावर पट्टा काढून, नुसती मोटार क्षणभर चालवून दिशा पाहावी.

अर्थिंगविषयी दोन शब्द. तीन फेजच्या मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या तारा हव्यात, असा नियम आहे. न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे आणि नळाचा पाईप म्हणजेही नव्हे. जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. अंगातून वीज जाऊ लागली तर तो क्षणात तोडतो. पण तो आहे म्हणून अर्थिंग टाळू नये.

माता-भगिनींनाही एक सांगणे. पडवीत यंत्र असेल तर मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा पाडायचा, हे घरातल्या प्रत्येक शहाण्या माणसाला ठाऊक असावे. पदर, उपरणे, बांगड्या, सैल बाह्या घेऊन चालू लेथजवळ जाऊ नये. हातमोजेही घालू नयेत, ते हाताला आत ओढतात. कोणाला शॉक लागला तर आधी वीज तोडा, मगच माणसाला हात लावा.

त्या वाडीवर पुढे काय झाले, हे विचाराल. मेन स्विच नवा आला. स्टार्टर साफ होऊन, योग्य रिलेसह, कीस उडणार नाही अशा बाजूच्या भिंतीवर गेला. लाल बटण उभ्या जागेवरून हाताला येईल असे. लाईट गेली की आधी मेन स्विच पाडायचा, असा मुलाने स्वतःला नेम घातला. त्याच्या शेजारी एक खिळा ठोकला आहे. चकची चावी हातात नसेल तेव्हा ती त्या खिळ्यावरच, दुसरीकडे कुठेही नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मोटार तीच होती आणि लेथ चालू होता. पत्र्यावरचा खळगा मात्र आबांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

आणि ती बाभळीची खुंटी? ती काकूंनी त्याच संध्याकाळी चुलीत घातली.

आज विहिरीवर गेलात तर तुमच्या स्टार्टरकडेही एकदा बघून या.